लाकडी बैल आणि त्यामागचा माणूस

डोंगरउतारावर घर आणि त्याभोवती थोडीफार शेतीबाग असणाऱ्या माणसापुढे एक साधा प्रश्न रोज उभा असतो. खालच्या रस्त्याशी उतरवून ठेवलेले खत, वाळू, दगड, सरपण वरच्या अंगणापर्यंत न्यायचे कसे? बैलगाडी जाईल एवढी वाट रुंद नसते, ट्रॅक्टर तिथवर चढत नाही, आणि डोक्यावरून किंवा पाठीवरून माणसाने वाहून वाहून किती वाहावे? अशा वेळी एका चाकाची, दोन दांड्यांची, हातांनी ढकलायची गाडी घ्यावी असे ठरते. दुकानात पत्र्याची जाडी, टायरचा दर्जा, दांड्यांची मजबुती यांची चौकशी होते. गाडी दणकट हवी, हे सगळ्यांनाच कळते. परंतु ज्या एका गोष्टीवर पुढचे सगळे श्रम अवलंबून असतात, ती सहसा कोणी विचारत नाही. चाक नेमके कुठे आहे?

हा प्रश्न अवजारांच्या दुकानातला आहे, वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात का लक्ष घालावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, डोंगराळ मुलुखात ओझे वाहण्यासाठी केलेल्या अशा साधनाची सर्वांत प्रसिद्ध नोंद एका इतिहासग्रंथात आहे, आणि त्या नोंदीचे पुढे सुमारे बाराशे वर्षांत कादंबरीतल्या चमत्कारात रूपांतर झाले. या प्रवासात गाडी टिकली, तिच्या कर्त्याचे नाव मोठे झाले, आणि ती ढकलणारा माणूस मात्र मजकुरातून हळूहळू नाहीसा झाला. हे कसे घडले ते पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम गाडीविषयी. आपल्या बांधकामांवर दिसते ती एकचाकी गाडी युरोपीय घडणीची असते. तिचे चाक अगदी पुढे, दांड्या मागे आणि ओझे मध्ये. ही एक तरफ आहे. ओझ्याचा भार चाक आणि हात या दोघांत वाटला जातो. शंभर किलो माल चाक आणि मुठी यांच्या बरोबर मध्यावर असेल, तर पन्नास किलो चाकावर आणि पन्नास किलो हातांवर येतात. माल चाकाकडे सरकवला की हातांवरचा भार कमी होतो, पण नाहीसा होत नाही. चिनी गाडीची रचना वेगळी. तिचे चाक मोठे, पुष्कळदा सुमारे तीन फूट व्यासाचे, आणि ते गाडीच्या मध्यभागी, ओझ्याच्या खाली असते. चाकाभोवती लाकडी चौकट असते आणि माल तिच्या दोन्ही अंगांना व वर बांधतात. सगळा भार चाक पेलते. माणसाच्या हातांना तोल सांभाळणे आणि ढकलणे एवढेच काम उरते. पहिल्या रचनेत माणूस निम्मा हमाल असतो, दुसऱ्या रचनेत तो गाडीवान होतो.

१७९४-९५ साली डच वकिलातीबरोबर चीनमधून प्रवास करणाऱ्या फान ब्राम हाउकखेस्ट याने या गाडीचे बारकाईने वर्णन केले. शांतुंग प्रांताच्या सीमेजवळ त्याला शिडे लावलेल्या एकचाकी गाड्यांचा तांडाच दिसला. वारा अनुकूल असेल तेव्हा ढकलणाऱ्याचे श्रम शीड वाटून घेत असे. शिडाच्या चिनी गाड्यांची कीर्ती युरोपात त्याच्या पुष्कळ आधी पोहोचली होती. मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' (१६६७) या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात तिचा उल्लेख येतो, हे इंग्रजीच्या अध्यापकांना आठवेल. परंतु शीड हे सपाट मैदानाचे साधन आहे. आपला प्रश्न डोंगराचा आहे, आणि त्यासाठी सोळाशे वर्षे मागे आणि बरेच नैर्ऋत्येला जावे लागते.

हान साम्राज्य मोडल्यावर चीनची तीन राज्ये झाली. त्यांतले शू हान हे राज्य आजच्या सिचुआनमध्ये होते आणि छेंगदू ही त्याची राजधानी होती. चारी बाजूंनी डोंगर असलेला हा सुपीक खोलगट प्रदेश. उत्तरेला छिनलिंगची पर्वतरांग आणि तिच्यापलीकडे वेई नदीचे खोरे, जे बलाढ्य वेई राज्याच्या ताब्यात होते. मधली वाट इतकी बिकट की कित्येक ठिकाणी कड्यात भोके पाडून त्यांत तुळया बसवल्या होत्या आणि त्यांवर फळ्या टाकून रस्ता केला होता. शूच्या या दुर्गम वाटेवर पुढे थांग काळातल्या ली बाईने लिहिलेली कविता चिनी काव्यातल्या अत्यंत प्रसिद्ध कवितांपैकी एक आहे.

शूचा प्रधानमंत्री झूगे ल्यांग (१८१-२३४) याने इ. स. २२८ पासून वेईविरुद्ध या डोंगरांतून मोहिमा काढल्या. त्याची खरी अडचण धान्याची होती. सैन्य डोंगर ओलांडून जाई, धान्य मागे राही. तिसऱ्या शतकात छेन शोऊ याने लिहिलेल्या 'सान्ग्वो झी' या इतिहासात दोन नोंदी आहेत. २३१ साली झूगे ल्यांग छीशानकडे निघाला तेव्हा धान्यवाहतूक 'लाकडी बैलां'नी केली, आणि २३४ साली शिये खिंडीतून निघाला तेव्हा 'वाहत्या घोड्यां'नी. ही दोन्ही साधने त्याच्याच कल्पनेतून निघाली, असेही तो इतिहासकार सांगतो. २३१ च्या मोहिमेचा शेवट मात्र धान्य संपल्याने माघार घेण्यात झाला. पुरवठ्याची जबाबदारी ली येन याच्यावर होती. पावसामुळे वाहतूक खोळंबली, त्याने सैन्याला परत बोलावले आणि नंतर ते झाकण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्याचे पद काढून घेऊन त्याला सामान्य नागरिक करण्यात आले. लाकडी बैल असूनही पावसाने डोंगराची वाट बंद केली, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

या बैलाची रचना कशी होती? ४२९ साली पेई सोंगझी याने छेन शोऊच्या इतिहासावर विस्तृत टीका लिहिली. तिच्यात झूगे ल्यांगच्या लेखसंग्रहातला एक उतारा त्याने जतन केला आहे. त्याची भाषा कोड्यासारखी आहे. बैलाचे पोट चौकोनी, डोके वाकडे. त्याला पाय एकच, पण पावले चार. त्याच्या दोन दांड्या वर उचललेल्या. माणूस सहा फूट चालला की बैल चार पावले टाकतो. या बैलावर एका माणसाचे वर्षभराचे धान्य मावते आणि दिवसाला वीस ली, म्हणजे आठ-नऊ किलोमीटर, मजल होते. एकटा निघाला तर तो याहून अधिक अंतर तोडतो, तांड्यात मात्र वीसच ली. आणि शेवटी, माणसाला फारसे श्रम पडत नाहीत, असे तो उतारा सांगतो.

एक पाय म्हणजे एक चाक आणि चार पावले म्हणजे गाडी उभी करण्याचे टेकू, असा अर्थ लावला की कोडे बरेचसे सुटते. अकराव्या शतकात गाव छेंग या सुंगकालीन लेखकाने लाकडी बैल म्हणजे पुढे दांड्या असलेली छोटी गाडी आणि वाहता घोडा म्हणजे मागून ढकलायची गाडी असे सांगितले. विसाव्या शतकात जोसेफ नीडहॅम यांनी चिनी यंत्रविद्येवरील आपल्या १९६५ सालच्या खंडात एकचाकी गाडीच्या बाजूनेच कौल दिला. सगळ्याच अभ्यासकांना हे मान्य नाही. काहींना त्यात अधिक चाकांची गाडी दिसते, तर काहींना चालणारे यंत्र. तथापि तांड्यात वीस ली हा तपशील मला फार बोलका वाटतो. अरुंद वाटेवर एकामागून एक गाड्या चालल्या की सर्वांचा वेग सर्वांत मंद गाडीइतका होतो. असले वाक्य वाटेवर उभे राहून पाहणाराच लिहू शकतो.

झूगे ल्यांगने एकचाकी गाडीचा शोध लावला असे पुष्कळदा म्हटले जाते, ते मात्र खरे नव्हे. तो जन्मण्यापूर्वीच्या हान काळातील सिचुआनच्या थडग्यांत तिची चित्रे सापडली आहेत. शांतुंगमधील वू ल्यांग याच्या (मृत्यू इ. स. १५१) स्मृतिमंदिरात दोंग योंग या पितृभक्त मुलाचे शिल्प आहे, त्यात त्याचा म्हातारा बाप अशाच गाडीवर बसलेला दिसतो. जुन्या ग्रंथांत 'हरिणगाडी' असा एक शब्द येतो. दुसऱ्या शतकातला यिंग शाओ त्याचे स्पष्टीकरण देतो की, जेमतेम एक हरीण मावेल इतकी ती अरुंद असते. बाओ श्वान या गरीब विद्वानाच्या पत्नीने माहेरचा थाटमाट परत पाठवला, जाडेभरडे कपडे घातले आणि नवऱ्याबरोबर हरिणगाडी ओढत ती सासरच्या गावी गेली. चिनी भाषेत आजही नवराबायकोने मिळून हरिणगाडी ओढणे म्हणजे गरिबीतला समंजस संसार.

याहून मोलाची गोष्ट पाचव्या शतकातील फान ये याने लिहिलेल्या उत्तरकालीन हानांच्या इतिहासात आहे. इ. स. २५ च्या सुमारास बंडाळी माजली असता चाओ शी हा गृहस्थ मित्रांसह, लहानग्यांना आणि दुबळ्यांना घेऊन, डोंगर ओलांडून वू खिंडीकडे निघाला. बरोबरच्या एका मित्राची बायको सुंदर होती. तिच्यापायी दरोडेखोर आपल्यालाही मारतील या भीतीने खुद्द नवराच तिला वाटेत सोडून द्यायला निघाला. चाओ शी संतापला. त्याने तिच्या तोंडाला चिखल फासला, तिला हरिणगाडीवर बसवले आणि गाडी स्वतः ढकलली. वाटेत चोर भेटले की ती आजारी आहे म्हणून सांगे. इतिहासकाराने येथे गाडी कोणी ढकलली हे आवर्जून नोंदवले आहे, कारण कथेचा सगळा नैतिक भार त्याच क्रियापदावर आहे. गाडी कशी होती यापेक्षा तिच्यामागे कोण होते, याला येथे महत्त्व आहे.

आता हेच सूत्र धरून लाकडी बैलाकडे परत जाऊ. पेई सोंगझीने जपलेल्या उताऱ्यात माणूस उपस्थित आहे. तो सहा फूट चालतो, त्याचे धान्य मोजलेले आहे, त्याचे श्रम कमी झाले असा दावा आहे. श्रम नाहीसे झाले असा दावा नाही. काही जुन्या संदर्भांत तर हा बैल प्रत्यक्ष घडवणारा म्हणून पू युआन या धातुकाम जाणणाऱ्या कारागिराचेही नाव येते. नंतर काय झाले? पाचव्या शतकात झू छोंगझी (४२९-५००) हा थोर गणिती होऊन गेला. सहाव्या शतकात रचलेला दक्षिण छी राजवटीचा इतिहास सांगतो की, झूगे ल्यांगच्या लाकडी बैलावरून स्फूर्ती घेऊन त्याने एक साधन बनवले, ते वारा किंवा पाणी यांच्याविना आपोआप चाले आणि त्याला मनुष्यबळ लागत नसे. म्हणजे सुमारे तीनशे वर्षांत 'फारसे श्रम नाहीत' याचे 'श्रमच नाहीत' असे झाले. तो उल्लेख झू छोंगझीच्या यंत्राचा आहे हे मान्य. पण त्याच्या मागे उभा असलेला लाकडी बैलही आता आपोआप चालणारा वाटू लागतो.

शेवटचा टप्पा लुओ ग्वानझोंग याच्या नावावर असलेल्या 'तीन राज्यांची कादंबरी' या ग्रंथाचा. त्याची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५२२ सालची आहे. १०२ व्या प्रकरणात लाकडी बैल आणि वाहते घोडे जिवंत जनावरांसारखे डोंगर चढतात-उतरतात, त्यांना चारापाणी लागत नाही. शत्रुसेनापती सीमा यी काही बैल पळवून आणतो, उकलून पाहतो आणि तसेच दोन हजार तयार करवतो. झूगे ल्यांगला हेच हवे असते. त्याची माणसे येऊन बैलांच्या तोंडातल्या जिभा फिरवून ठेवतात, आणि वेईच्या सैनिकांनी कितीही जोर केला तरी बैल जागचे हलत नाहीत. जीभ पूर्ववत फिरवली की शूचे लोक ते सहज हाकत नेतात. प्रसंग रंजक आहे, झूगे ल्यांगच्या बुद्धीचे दर्शन घडवणारा आहे. कादंबरीकाराला इतिहासाचे बंधन घालण्याचे कारण नाही. परंतु अभ्यासकाने हिशेब करावा. इतिहासात ज्या माणसाचा घाम कमी झाला होता, त्याच्या खांद्यांच्या आणि पोटऱ्यांच्या जागी आता लाकडी जनावराची जीभ आली आहे. नायक जितका मोठा होत गेला, तितकी त्याची गाडी हलकी होत गेली आणि तिच्यामागची माणसे दिसेनाशी झाली.

युरोपातील कहाणी याच्या उलट आहे. तिकडे एकचाकी गाडीला कोणी नायक मिळाला नाही. प्राचीन ग्रीसमध्ये ती होती, असे एम. जे. टी. लुईस यांनी १९९४ साली एल्युसिसच्या देवस्थानातील इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरच्या साहित्ययाद्यांतील एकचाकी वाहनाच्या उल्लेखावरून मांडले. मध्ययुगात तिचे दर्शन ११७० ते १२५० च्या दरम्यान होऊ लागते, आणि १२२२ साली इंग्लंडच्या राजाच्या डोव्हर येथील कामासाठी अशा काही गाड्या विकत घेतल्याची नोंद हिशेबात सापडते. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या ॲग्रिकोलाच्या खाणकामावरील ग्रंथात ती आहे. म्हणजे येथे तिची साक्ष खर्चाच्या वह्या आणि धंद्याचे ग्रंथ देतात. तिचे काम लांबच्या वाटेचे नव्हते. खणलेली माती किंवा दगड थोड्या अंतरावर नेऊन ओतायचे, पुन्हा परत यायचे. चाक पुढे असल्याने गाडी बुटकी राहते, फावड्याने भरता येते आणि दांड्या उचलल्या की एका झटक्यात रिकामी होते. त्या सोयीसाठी निम्मा भार हातांवर घेणे तेथल्या मजुरांनी, किंवा त्यांच्या मुकादमांनी, पत्करले.

आपल्याकडे ही गाडी उशिरा आणि तीही युरोपीय घडणीतच आली. तिला मराठीत एक सर्वमान्य नावसुद्धा नाही. कोणी ढकलगाडी म्हणतो, कोणी इंग्रजी शब्दच वापरतो. सह्याद्रीच्या घाटांतून ओझी गेली ती लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून, कावडीने आणि डोक्यावरून. बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ लागल्या त्या १८३० साली रस्ता झाल्यावर. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुरू झालेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्क ठरलेल्या रोजगार हमीच्या कामांवर, पाझर तलाव असो की नाला-बांध, माती वाहिली ती मुख्यतः पाट्याघमेल्यांनी, आणि त्यांखाली बहुधा बाईचे डोके असे. सरकारी दरपत्रकांत माती किती लांब नेली आणि किती उंच चढवली यांचे रकाने असतात. ढकलणारा किंवा वाहणारा माणूस तेथे निदान आकड्याच्या रूपाने शिल्लक राहतो, हेही थोडे नव्हे.

या इतिहासाचा डोंगरउतारावर राहणाऱ्याला उपयोग काय? एक गोष्ट आधी स्पष्ट करावी. कोणतेही चाक चढ नाहीसा करत नाही. दहा फुटांना एक फूट असा चढ असेल, तर शंभर किलोची भरलेली गाडी नुसती वर सरकवण्यासाठी सुमारे दहा किलोचा जोर लागतोच, घर्षण वेगळे. पायऱ्यांच्या वाटेवर तर चाकाचा उपयोगच नाही. सिचुआनमधील याआनहून खांगतिंगकडे चहाच्या विटा नेणारे हमाल विसाव्या शतकातही ओझी पाठीवरून नेत, आणि ते काही गाडी ठाऊक नव्हती म्हणून नव्हे. तेव्हा पायऱ्या असतील तर आधी शेजारून नागमोडी, बेताच्या चढाची वाट काढावी, गाडी मग घ्यावी.

वाट लांब आणि चढ बेताचा असेल, पोती किंवा सरपण न्यायचे असेल, तर ओझ्याखाली मोठे चाक असलेली रचना उत्तम. सुतार आणि लोहार मिळून ती करू शकतात. परंतु तिच्यात ओझे उंच असते, आडव्या उतारावर ती कलंडू पाहते, आणि तिच्यातून माती ओतता येत नाही. खत-माती भरून थोड्या अंतरावर ओतायची असेल, तर पुढच्या चाकाचीच गाडी घ्यावी. मात्र जिचे भांडे चाकाकडे झुकलेले आहे आणि खोली मागच्यापेक्षा पुढे अधिक आहे, अशी निवडावी. चाक जितके मोठे तितके ते दगडावरून सहज जाते. मागचे टेकू एकमेकांपासून दूर असावेत, म्हणजे गाडी उतारावर उभी राहते. भरलेली गाडी घेऊन उतरायचे असेल तर ब्रेक असावा, किंवा मागून दोर धरणारा माणूस. चढताना पुढून दोर ओढणारा कोणी असेल तर बाओ श्वानच्या बायकोची आठवण ठेवावी. आणि शक्य असेल तर दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर रिकामी गाडी फिरवून निर्णय घेऊ नये. ती भरून, चढावर, आणि जो रोज ढकलणार आहे त्याच्याच हातांनी ढकलवून पाहावी. दणकटपणाची कसोटी पत्र्याची असते तशी त्या माणसाच्या पाठीचीही असते.

झूगे ल्यांगची अखेरची मोहीम २३४ सालची. वाहते घोडे हाताशी असताना त्याने आणखी एक गोष्ट केली, जी कादंबरीच्या चमत्कारापुढे झाकोळून जाते. वूझांग पठारावर तळ पडला तेव्हा, मागून येणाऱ्या धान्यावर भरवसा ठेवता येत नाही हे ओळखून, त्याने सैनिकांचे गट वेई नदीकाठच्या रहिवाशांमध्ये मिसळून शेती करण्यास बसवले. रहिवाशांना त्यांचा उपद्रव झाला नाही, असे इतिहासकार सांगतो. त्याच वर्षी तो छावणीत आजारी पडून वारला. चीनच्या सर्वांत प्रसिद्ध गाडीच्या कर्त्याने शेवटी अंतरच कमी करण्याचा मार्ग धरला होता. डोंगरावरच्या घरालाही तो लागू पडतो: खताचा खड्डा शेताच्या वरच्या अंगाला करावा, म्हणजे भरलेली गाडी उताराने जाते आणि चढताना ती रिकामी असते.